शाब्बासकी आणि कबुली: कारखान्यात माणसं सांभाळणाऱ्यांसाठी एक पद्धत

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, बढती साधारण एकाच वाटेने येते. हात चांगला असलेला वेल्डर, डोळा तयार असलेली इन्स्पेक्टर किंवा डिस्पॅच बिनचूक सांभाळणारा कारकून एके दिवशी सुपरवायझर होतो. काम येतं म्हणून खुर्ची मिळते. माणसांशी काय बोलायचं, कधी बोलायचं, हे मात्र कोणी शिकवत नाही. मग तो आपल्या आधीच्या साहेबाची नक्कल करतो: चूक झाली की आवाज चढवायचा, काम नीट झालं की गप्प बसायचं आणि दिवाळीला सगळ्यांशी गोड बोलायचं.

मी बरीच वर्षं क्वालिटीत काढली. आता बडोद्यातल्या लहान-मध्यम कारखान्यांत नव्या सुपरवायझरांना शिकवते. त्यांच्याकडून पहिला प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: "बेन, कौतुक केलं तर डोक्यावर बसतील, आणि माझी चूक मीच कबूल केली तर मग ऐकणार कोण?" या दोन भीती वेगळ्या वाटतात, पण दोन्हींवर उपाय एकच आहे. काम जवळून बघायचं आणि जे पाहिलं तेच नेमक्या शब्दांत सांगायचं. ज्याला काम दिसत नाही त्याची शाब्बासकीही मोघम असते आणि कबुलीही.

खाली दिलेला क्रम सोडू नका. सोमवारपासून एकदम शाब्बासकी वाटत सुटलात तर शनिवारपर्यंत सगळी शॉप, म्हणजे मशिनवर काम करणारी सगळी माणसं, ओळखते की साहेब कुठलं तरी ट्रेनिंग करून आलेत.

आधी एक वही करा

खिशात मावेल अशी साधी वही घ्या. मोबाइलमध्ये लिहू नका. साहेब मोबाइलमध्ये बघत उभा असला की लोकांना वाटतं व्हॉट्सअॅप चाललंय. वहीच्या डाव्या पानावर जे नीट झालेलं पाहिलंत ते, उजव्या पानावर तुम्ही कोणाला काय करून देतो म्हणालात आणि तुमच्याकडून काय राहिलं ते.

डाव्या पानावरची नोंद अशी असावी: "१२ तारीख, स्टोअर. गॅस्केटच्या (जोडातून गळू नये म्हणून घालायच्या चकत्यांच्या) पेटीवरचं लेबल एक आणि आतला माल दुसरा. लाइनवर जायच्या आधी स्टोअरकीपरने पकडलं." 'स्टोअरचं काम चांगलं' असं लिहिलंत तर महिन्याने वाचताना काही आठवणार नाही. उजव्या पानावर: "ग्राइंडिंगच्या एक्झॉस्ट फॅनबद्दल मेंटेनन्सशी बोलतो म्हणालो. गुरुवारपर्यंत." आपण दिवसभरात किती वेळा 'बघतो', 'करून देतो', 'सांगतो वर' म्हणतो याचा अंदाज या उजव्या पानाशिवाय येत नाही. बहुतेकांचं उजवं पान डाव्याच्या आधी भरतं.

पहिले दोन आठवडे फक्त लिहा, बोलू काही नका. मग वही घेऊन बसा आणि कोणाची नावं अजिबात आलेली नाहीत ते शोधा. रात्रपाळी हमखास नसते. स्टोअर, हाउसकीपिंग, कॉन्ट्रॅक्टरचे मजूर नसतात. आणि एक माणूस नेहमी राहून जातो: ज्याच्याकडून कधी काही बिघडत नाही तो. तुम्ही त्याच्या मशिनपाशी जातच नाही, कारण जायची वेळ येत नाही. रात्रपाळीचं काम बघायचं तर पाळी बदलायच्या अर्धा तास आधी पोहोचा आणि हँडओव्हर रजिस्टर उभ्या उभ्या नीट वाचा. कोणी तीन ओळी लिहिल्यात, कोणी 'ओके' लिहून सही ठोकलीय, एवढ्यावरूनही पुष्कळ कळतं.

आणि हे सगळं एकाच खात्यात सुरू करा. सयाजीराव महाराजांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये आधी अमरेली भागात सुरू केलं, संपूर्ण संस्थानाला लागू केलं ते १९०६ मध्ये. राजाला तेरा वर्षं थांबता आलं, आपल्याला एका पाळीपुरतं दोन महिने थांबायला हरकत नाही.

शाब्बासकीचं वाक्य

आपल्या मराठी घरांत तोंडावर कौतुक करायची पद्धत फारशी नाही. नव्वद टक्के मिळाले तर उरलेले दहा कुठे गेले, हे आधी विचारतात. ही सवय कारखान्यातही येते आणि वर तिला 'शिस्त' असं नाव मिळतं. म्हणून सुरुवातीला वाक्य जड जाईल. ते ठरवून, वहीत लिहून मगच बोललात तरी चालेल.

वाक्यात दोन गोष्टी हव्यात: काय पाहिलं आणि त्यामुळे काय झालं किंवा काय टळलं. "तू फार मेहनती आहेस" यात दोन्ही नाहीत. "काल गॅस्केटची पेटी तुम्ही उघडून बघितलीत म्हणून हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) एकाच फेरीत झाली, नाहीतर आज इन्स्पेक्टरला पुन्हा बोलवावं लागलं असतं." यात दोन्ही आहेत. एवढं बोलून थांबा. पुढे 'असंच काम करत राहा' जोडलं की शाब्बासकीचा हुकूम होतो. 'आणि हो, ते रविवारी याल ना जरा?' जोडलं तर तो मस्का होतो, आणि पुढच्या वेळी तुम्ही जवळ आलात की माणूस मनातल्या मनात विचारतो, आज काय काम काढलंय.

माणसापेक्षा कामाबद्दल बोला. बाईमाणसाशी बोलताना तर हे पाळाच. रिपोर्ट चांगला असेल तर रिपोर्टबद्दल बोला. साडी, हसणं, 'आमच्या ऑफिसची शोभा' हे कौतुकात बसत नाही. 'बघा, शिका जरा यांच्याकडून' हेही नको. त्यात ज्याचं कौतुक झालं त्याचेच वांधे होतात. चहाच्या वेळी त्याला टोमणे ऐकावे लागतात आणि पुढच्या वेळी तो पेटी उघडून बघत नाही.

चारचौघांत बोलायचं की बाजूला घेऊन? विचारा. पन्नाशीच्या फिटरला सगळ्यांसमोर उभं केलंत तर त्याला शिक्षा झाल्यासारखं वाटू शकतं. त्याच्या मशिनपाशी जाऊन, आवाज बेताचा ठेवून सांगितलेलं त्याला पुरतं. नव्या अप्रेंटिसला उलट सगळ्यांनी ऐकलेलं हवं असतं. आणि शक्य असेल तिथे त्याच्या गैरहजेरीत, त्याच्या वरच्या साहेबापाशी नाव घेऊन सांगा. ते फिरून त्याच्या कानावर जातंच.

भाषेचा घोळ

हा मुद्दा बाहेरच्या पुस्तकी ट्रेनिंगमध्ये कधी येत नाही, पण बडोद्यात तो रोजचा आहे. शॉपवर गुजराती चालते, उत्तर प्रदेश-बिहारकडच्या मुलांशी हिंदी, आणि दांडिया बाजार, रावपुऱ्याकडून आलेली आपली माणसं भेटली की आपोआप मराठी. मराठी सुपरवायझर मराठी फिटरला मराठीत शाब्बासकी देतो आणि तिथेच, त्याच मिनिटाला, बाकीच्यांना गुजरातीत झापतो. त्याच्या मनात काही नसतं. बाजूच्या तिघांना मात्र एवढंच दिसतं की गोड बोलणं एका भाषेत आहे आणि ती आपल्याला नीट येत नाही.

म्हणून शॉपवर कामाबद्दलचं सगळं बोलणं, चांगलं आणि वाईट दोन्ही, सगळ्यांना कळेल त्या एकाच भाषेत करा. "भाई, आजे तमे सरस पकड्युं" (आज तुम्ही छान पकडलंत) एवढी गुजराती आपल्या प्रत्येकाला येते. मराठी गप्पा कँटीनमध्ये मारा, गणपतीत मारा. हिंदी बोलणाऱ्या मुलाला गुजरातीत केलेली सूचना अर्धीच कळली असेल तर पुढची चूक त्याची म्हणता येणार नाही. सूचना दिल्यावर 'समज्या ने?' विचारलं तर सगळे मान हलवतात. त्याऐवजी "सांग बघू, आता तू काय करणार?" असं त्याच्याच भाषेत विचारा.

पैसे, मिठाई, सुट्टी

इथे फार गोंधळ असतो, म्हणून स्पष्ट सांगते. बोनस म्हणजे कौतुक नव्हे. जे कायद्याच्या कक्षेत येतात त्यांना किमान ८.३३ टक्के आणि जास्तीत जास्त २० टक्के बोनस हा त्यांचा हक्क आहे. ओव्हरटाइमचा दुप्पट दरही हक्कच आहे. 'या वर्षी शेठने तुमच्यासाठी बोनस काढलाय' असं भाषण ठोकलंत तर हिशेब कळणारा कामगार मनात हसतो. हक्काचं ते वेळेवर आणि मुकाट द्यावं.

मिठाईचा डबा चांगलाच, पण तो सगळ्यांना सारखा असतो. त्यातून कोणाला आपलं काम दिसलं असं वाटत नाही. माझ्या अनुभवात वेळेचं मोल जास्त आहे. नवरात्रात गरबा मध्यरात्रीपर्यंत चालतो. त्या नऊ दिवसांत सकाळच्या पाळीचे रोस्टर आधी बसून, लोकांना विचारून लावलेत तर ते वर्षभर लक्षात राहतं. उत्तरायणाचं तसंच. १४ आणि १५ जानेवारीला अख्खं बडोदं पतंग उडवायला गच्चीवर असतं. त्या दोन दिवसांत ज्याला कामावर यावं लागलं त्याला बदली सुट्टी कोणत्या तारखेला मिळणार, हे आदल्या आठवड्यात लेखी सांगा. 'नंतर अॅडजस्ट करू' हे उजव्या पानावर लिहायचं वाक्य आहे.

एकच घटना, दोन्ही पानांवर

आता एक घटना सविस्तर सांगते. कारखान्याचं नाव नको. काम फ्लँजचं, म्हणजे पाइप जोडायच्या भोकंवाल्या चकत्यांचं. गिऱ्हाइकाने ड्रॉइंग बदललं: बोल्टच्या भोकांचं वर्तुळ, ज्याला शॉपवर सगळे पीसीडी म्हणतात, ते काही मिलिमीटरनी मोठं केलं. सुधारित ड्रॉइंग संध्याकाळी ईमेलवर आलं. प्रॉडक्शन मॅनेजरने ते ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुढे ढकललं आणि घरी गेला. सकाळी ड्रिलिंगच्या ऑपरेटरने मशिनला चिकटवलेल्या जुन्या प्रिंटवरून काम सुरू केलं. आठ फ्लँजपैकी चार झाल्यावर त्याला शंका आली, कारण त्याच ऑर्डरची जोडीची फ्लँज शेजारी तयार पडली होती आणि भोकं जुळत नव्हती. त्याने मशिन बंद केलं आणि ऑफिसात जाऊन सांगितलं.

मॅनेजर खाली आला, चार फुकट गेलेल्या फ्लँज बघितल्या आणि सगळ्यांसमोर ऑपरेटरला धुतलं. "डोळे कुठे असतात तुझे?"

क्वालिटीकडे प्रकरण आलं तेव्हा आम्ही कागद लावून बसलो. मशिनवरची प्रिंट जुनी होती, पण तिच्यावर 'कंट्रोल्ड कॉपी'चा शिक्का होता. म्हणजे ऑपरेटरच्या हातात जो कागद होता तो कारखान्याच्या दृष्टीने बरोबर होता. डिझाइनने नवी प्रिंट सकाळी लवकर काढली होती, पण ती सुपरवायझरच्या टेबलावर ठेवली. सुपरवायझर मुलीच्या लग्नासाठी रजेवर. त्याच्या जागी आलेल्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. आणि व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये ऑपरेटर नव्हताच.

मॅनेजरला चार वाया गेलेल्या फ्लँज दिसल्या. उरलेल्या चार वाचल्या, त्याही त्याच माणसाने विचारल्यावाचून मशिन थांबवल्यामुळे वाचल्या, हे त्याला दिसलं नाही. त्या सकाळी डाव्या पानावर ऑपरेटरचं नाव यायला हवं होतं आणि उजव्या पानावर मॅनेजरचं स्वतःचं.

या मॅनेजरचं मला कौतुक वाटतं ते पुढच्या भागासाठी. दुसऱ्या दिवशी पाळी सुरू होताना, जिथे ओरडला होता तिथेच, त्याच माणसांसमोर तो उभा राहिला आणि गुजरातीत साधारण असं बोलला: "काल मी याला ओरडलो. याच्याकडे जो कागद होता त्याप्रमाणे काम बरोबर होतं. नवा कागद मशिनपर्यंत पोहोचवायचं काम माझं होतं, ते मी मेसेज टाकून सोडून दिलं. याने थांबवलं म्हणून चार पीस वाचले. आजपासून नवी प्रिंट देताना जुनी हातात परत घेतल्याशिवाय द्यायची नाही, रजिस्टरला दोघांची सही." मग तो गेला. ऑपरेटर काही बोलला नाही. त्याने जुनी प्रिंट मशिनवरून सोलून काढली, चिकटपट्टीचे तुकडे नखाने खरवडले आणि नवी प्रिंट लावली.

कबुलीची बांधणी

त्या बोलण्यात जे होतं तेच कबुलीत लागतं. काय झालं. त्यात माझा वाटा कोणता. तुम्हाला त्याचा काय त्रास झाला. आता काय बदलतोय आणि कधीपासून. 'माझ्याकडून कमी पडलं असेल तर माफ करा' यात चारही गोष्टी नाहीत. 'असेल तर' हे दोन शब्द तर काढूनच टाका. 'पण' सुद्धा नको. "मी ओरडायला नको होतं, पण डिस्पॅचचं प्रेशर होतं" म्हणालात की लोक 'पण'च्या पुढचंच ऐकतात.

जागा आणि वेळ महत्त्वाची. ज्या जागी, ज्यांच्यासमोर अपमान झाला तिथेच कबुली द्यायची. सगळ्यांसमोर झापायचं आणि केबिनमध्ये बोलावून हळूच सॉरी म्हणायचं, हा हिशेब जुळत नाही. शक्य तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. आठवड्याने दिलेली कबुली कोणी तरी वरून दामटवल्यासारखी वाटते.

आणि अति करू नका. काही जण कबुलीची चटक लागल्यासारखे रोज स्वतःला दोष देतात. मग शेवटी लोकांनाच 'जाऊ द्या साहेब' म्हणत त्यांची समजूत काढावी लागते. बदललेली कामाची रीत दाखवता येत नसेल तर दुसऱ्यांदा कबुली देऊ नका, आधी रीत बदला.

राहिला तो पहिला प्रश्न: मग ऐकणार कोण? वरच्या घटनेनंतर त्या शॉपवर मॅनेजरचं ऐकणं कमी झालं नाही. उलट चुका सांगणं वाढलं, आणि इथे सावध करते. तुम्ही ही पद्धत सुरू केलीत की नोंदवलेल्या चुकांचा आकडा चढतो. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांना नव्वदच्या दशकात हॉस्पिटलांतल्या औषधांच्या चुका अभ्यासताना असंच दिसलं. चांगल्या टीममध्ये चुका कमी निघतील असं त्यांना वाटलं होतं, पण नोंदी तिथेच जास्त निघाल्या, कारण तिथे माणसं चुका लपवत नव्हती. शेठला हे आधीच सांगून ठेवा. नाहीतर महिन्याच्या मीटिंगमध्ये रिजेक्शनचा तक्ता बघून ते म्हणतील, हे नवं काय सुरू केलंय.

दुसऱ्याची चूक कशी विचारायची

'का केलंस?' विचारलं की माणूस बचाव मांडतो. 'कसं झालं ते पहिल्यापासून सांग' म्हटलं की घटना सांगतो. हातात कोणता कागद होता, कुठून आला, त्याआधी काय केलं, शंका कधी आली. हे विचारताना उभे असाल तर बसा, नाहीतर दोघंही उभे राहा.

टोयोटात 'का' पाच वेळा विचारायची रीत तिथले अभियंते ताइइची ओनो यांनी रुजवली हे खरं आहे, आणि आपल्याकडे ऑडिटच्या फॉर्मवर ती छापलेलीही असते. पण तिथला 'का' प्रक्रियेला विचारलेला असतो: नवी प्रिंट मशिनवर का नव्हती, जुनी का काढली नव्हती. तोच 'का' माणसाला पाच वेळा विचारलात तर ती पोलीस चौकी होते. उत्तर 'ऑपरेटरचं दुर्लक्ष' असं आलं की समजा, अजून खाली जायचं राहिलंय. त्याच टोयोटात लाइनवरच्या माणसाला गडबड दिसली की दोरी ओढून मदत बोलावता येते, वेळ पडली तर लाइन थांबते. आपल्या मशिन थांबवणाऱ्या ऑपरेटरला एवढा तरी अधिकार आहे का, हे आपल्या शॉपवर विचारून बघा.

सगळ्या चुका व्यवस्थेच्या नसतात, हेही तितकंच खरं. प्रेसचा गार्ड (हात सापडू नये म्हणून लावलेली जाळी) मुद्दाम काढून काम करणं, न केलेल्या तपासणीवर सही करणं, तीनदा समज देऊनही तेच करणं, इथे गोड बोलून भागत नाही. त्या माणसाला बाजूला बोलवा, काय पाहिलं ते तारखेसकट सांगा, त्याचं पूर्ण ऐका, आणि गंभीर असेल तर एचआरमार्फत लेखी कारणे दाखवा नोटीस द्या. त्याचं म्हणणं ऐकायच्या आधी शिक्षा ठरवायची नाही. आणि शिक्षा झाली की विषय संपला. पुढच्या वर्षी भांडणात तो उकरून काढायचा नाही.

बाहेर एक, आत एक

गिऱ्हाइकासमोर चूक कोणाच्या नावावर घालायची? तुमच्या. इथे एक घटना सगळ्यांना ठाऊक आहे. १० ऑगस्ट १९७९ ला उपग्रह सोडणाऱ्या एसएलव्ही-३ यानाचं पहिलं उड्डाण फसलं आणि यान बंगालच्या उपसागरात पडलं. पत्रकारांना सामोरे गेले ते इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन. १८ जुलै १९८० ला उड्डाण यशस्वी झालं तेव्हा त्यांनी प्रकल्पप्रमुख अब्दुल कलाम यांना पुढे केलं. प्रत्येक व्याख्यानात ही गोष्ट इथेच थांबते. मधल्या अकरा महिन्यांबद्दल कोणी बोलत नाही. त्या काळात आत कसून तपास झाला, दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण यंत्रणेत नायट्रिक आम्लाची गळती झाली होती, इथपर्यंत तो पोहोचला, आणि मगच पुढचं उड्डाण झालं. बाहेर पांघरूण घातलं म्हणून आत कोणाला सूट मिळाली नाही. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. गिऱ्हाइकाच्या इन्स्पेक्टरसमोर 'आमचा नवा मुलगा आहे हो' म्हणून हात झटकायचे आणि तो गेल्यावर कागद फाइलला लावून विसरायचं.

तुमचा शब्द शेवटच्या माणसापर्यंत जातो का

बडोद्यात राहून या विषयावर लिहायचं आणि १९१७ टाळायचं, हे मला पटत नाही. सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि करारानुसार १९१७ मध्ये बडोदा संस्थानाच्या नोकरीत आले. राजाने गुण ओळखले होते, खर्च केला होता, नोकरी दिली होती. पण या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी वसतिगृहात आसरा घेतला, तिथूनही काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. त्याच दिवशी त्यांनी बडोदं सोडलं. सयाजीबागेतलं संकल्पभूमी हे स्मारक त्या दिवसाची आठवण आहे.

त्या अन्यायाची बरोबरी कारखान्यातल्या कुरबुरींशी करायची नाही. पण माणसं सांभाळणाऱ्याने त्यातून एक प्रश्न स्वतःकडे घ्यावा: मी वर ज्याची वाखाणणी केली, त्याला खाली रोज काय वाट्याला येतं, हे बघायची जबाबदारी कोणाची होती? नवी मुलगी वेल्डिंगला घेतली म्हणून पेपरात फोटो येतो. तिला शॉपवर बायकांचं टॉयलेट आहे का? नव्या माणसाच्या डब्याशेजारी कोणी बसतं का? कॉन्ट्रॅक्टरच्या मजुरांसाठी कँटीनचे पेले वेगळे ठेवलेत का? हे केबिनमधून कळत नाही. महिन्यातून दोनदा कँटीनमध्ये शेवटच्या टेबलावर बसून जेवा, सगळं दिसतं.

खालून उत्तर मागायचं

आठवड्याच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी पंधरा मिनिटं वही घेऊन बसा. उजव्या पानावरचं जे झालं त्यावर रेघ मारा. जे झालं नाही, त्या प्रत्येक माणसाकडे स्वतः जाऊन सांगा: "फॅनचं अजून झालं नाही, मोटर मिळत नाहीये, पुढच्या बुधवारी पुन्हा सांगतो." काम झालेलं नसतानाही जाऊन सांगणं, हे या सगळ्यातलं सर्वांत अवघड आणि सर्वांत उपयोगी.

मग दोघातिघांना एकच प्रश्न विचारा: "या आठवड्यात माझ्यामुळे तुमचं काय अडलं?" 'काही सूचना आहेत का' असं विचारू नका, त्याला उत्तर येत नाही. या प्रश्नालाही पहिल्या तीन-चार वेळी 'काही नाही साहेब' हेच येईल. मग एखादा अगदी छोटी गोष्ट चाचपून सांगेल: टूल क्रिबची (हत्यारांच्या खोलीची) चावी तुमच्याकडे असते आणि सकाळी वीस मिनिटं वाट बघावी लागते. ती त्याच दिवशी सोडवा. सबब सांगितलीत, किंवा 'कोणी सांगितलं तुला?' विचारलंत, की पुढचं वर्षभर परत 'काही नाही साहेब'.

मार्चमध्ये वही काढा

अप्रेझलचे फॉर्म मार्चमध्ये येतात आणि भरणाऱ्याला आठवतात ते फेब्रुवारी-मार्चचे प्रसंग. जूनमध्ये ज्याने पेटी उघडून बघितली तो विसरला जातो आणि गेल्या आठवड्यात उशिरा आलेला लक्षात राहतो. म्हणून फॉर्म भरायला बसताना वर्षभराच्या वह्या समोर घ्या. प्रत्येक नावापुढे डाव्या पानावरच्या निदान दोन तारखा सापडल्या पाहिजेत. ज्याच्या नावापुढे एकही सापडत नाही, त्याचा फॉर्म बाजूला ठेवा आणि दोन दिवस त्याच्या मशिनपाशी काढून मग भरा. एचआरने तारीख दिली असेल तर त्यांना सांगा की एवढे फॉर्म दोन दिवस उशिरा येतील, आणि तेही उजव्या पानावर लिहून ठेवा.